नाट्यपंढरीत नाटकाचा तास

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी मराठी रंगभूमीला जी मोठी माणसं दिली, त्यांच्यापैकी कुणाकडेही नाटकाची पदवी नव्हती. विष्णुदास भावे सांगली संस्थानच्या आश्रयाला होते. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल शाळामास्तर होते आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजातही शिकले होते. सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर पदवीधर होते, पण त्यांची ओळख आधी ‘केसरी’तले पत्रकार म्हणून झाली. वाळवा तालुक्याने रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव दिले आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे दिले. अण्णा भाऊंची शाळा तर दीड दिवसांत संपली, असं सांगतात. रहिमतपूरला जन्मलेले वसंत कानेटकर नाशिकला इंग्रजी शिकवत होते आणि साताऱ्यात जन्मलेले श्रीराम लागू नाक-कान-घशाचे सर्जन होते.

बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी घरी “मला नाटकात बी.ए. करायचंय” म्हणते, तेव्हा बहुतेक वेळा हीच यादी तिच्यापुढे धरली जाते. एवढे मोठे लोक नाटक शिकायला कुठं गेले होते? आधी नीट डिग्री घे, नाटक काय, हौस म्हणून करता येईल. हा सल्ला देणारे नाटकाचे वैरी असतात असंही नाही. त्यांतले कित्येक जण सांगलीच्या भावे नाट्यमंदिराच्या किंवा साताऱ्याच्या शाहू कला मंदिराच्या पुढच्या रांगेत बसणारे रसिक असतात. त्यामुळे प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा. नाटक हा महाविद्यालयातला मुख्य विषय असावा का? असावा तर कशासाठी, आणि या दोन जिल्ह्यांत तो कुठल्या रूपात उभा राहू शकेल?

कंपनी ही शाळाच होती

वरची यादी पुन्हा वाचली तर दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, यांतल्या प्रत्येकाकडे नाटकाबाहेरचं भरपूर काही होतं. संस्कृत, इतिहास, राजकारण, गिरणीतलं काम, शल्यक्रिया. यादीबाहेरही तेच: सतीश आळेकर जीवरसायनशास्त्रातले, मोहन आगाशे मानसोपचारातले, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. पु. ल. देशपांड्यांनी एम.ए. केलं ते सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातून. मराठी नाटक नेहमीच दुसऱ्या विषयांच्या अंगणातून आलं आहे.

दुसरी गोष्ट आपण विसरतो. यांतल्या बहुतेकांना नाटक शिकवणारी एक व्यवस्था होती, फक्त तिला कॉलेज म्हणत नव्हते. किर्लोस्कर मंडळीसारख्या नाटक कंपनीत लहान वयाची मुलं येत, तिथंच जेवत, तिथंच राहत, सकाळी गाण्याची तालीम, दुपारी पाठांतर, रात्री विंगेतून प्रयोग बघणं. बालगंधर्व घडले ते या शाळेत. देवलांनी स्वतः किर्लोस्करांच्या हाताखाली धडे घेतले आणि पुढं ते नामांकित तालीममास्तर झाले. अण्णा भाऊंची शाळा म्हणजे तमाशाचा फड आणि नंतर अमर शेख, द. ना. गवाणकरांबरोबरचं लाल बावटा कलापथक. लागूंची शाळा म्हणजे पुण्यातलं वैद्यकीय महाविद्यालयाचं स्नेहसंमेलन आणि प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन.

बोलपट आले आणि कंपन्या एकामागून एक बसल्या. फड आता थोडे उरले. म्हणजे नाटक शिकवता येतं का, हा प्रश्नच चुकीचा आहे. ते कायम शिकवलंच जात होतं. आज ते कुठं शिकवलं जातं, हा खरा प्रश्न. आणि त्याचं प्रामाणिक उत्तर असं की, सातारा-सांगलीच्या बहुतेक महाविद्यालयांत नाटक हा विषय नाही, उपक्रम आहे.

उपक्रमाचं भलं आणि बुरं

या उपक्रमाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका, मूकनाट्य, प्रहसन, पथनाट्य, लोकनाट्य अशा स्पर्धा होतात. १९६३ पासून चालत आलेला पुण्याचा पुरुषोत्तम करंडक आहे, १९५४ पासूनची राज्य नाट्य स्पर्धा आहे आणि तिचं केंद्र सांगलीत भरतं. आज चित्रपटांत, मालिकांत दिसणारे कितीतरी चेहरे याच वाटेने गेले.

पण या वाटेची रचना जवळून पाहावी. जुलै-ऑगस्टात महोत्सवाचं परिपत्रक येतं. सांस्कृतिक विभागाचे प्रमुख, जे मुळात भूगोलाचे किंवा वाणिज्याचे प्राध्यापक असतात, मुलं गोळा करतात. बाहेरून एक दिग्दर्शक बोलावला जातो. मानधन कमी, वेळ त्याहून कमी. तो आपल्या पिशवीतली, आधी कुठंतरी बसलेली एकांकिका काढतो. तालीम सुरू होते तास संपल्यावर, म्हणजे संध्याकाळी, कॉलेजच्या हॉलमध्ये किंवा जिन्याखाली. दोन लेव्हल, एक बाकडं, मोबाइलवरचं पार्श्वसंगीत. महिनाभरात प्रयोग, निकाल, आणि मग पुढच्या जुलैपर्यंत शांतता. संहिता दिग्दर्शकाच्या पिशवीत परत जाते आणि कॉलेजच्या ग्रंथालयात त्या नाटकाची साधी नोंदही राहत नाही.

यात सगळ्यात मोठा तोटा होतो तो शेवटच्या एसटीवर घर गाठणाऱ्यांचा. माण-खटाव, जत, शिराळा, पाटण भागातून रोज ये-जा करणाऱ्या मुलीला संध्याकाळी सातनंतरच्या तालमीला थांबताच येत नाही. घरचे नको म्हणतात हे एक, आणि गाडीच नसते हे दुसरं. मग नाटकात राहतात ती शहरात घर असलेली किंवा वसतिगृहातली मुलं. नाटक वेळापत्रकात आलं, सकाळी अकरा ते एक असा त्याचा तास झाला, तर ही मुलगी त्यात असेल. नाटक विषय व्हावा याचं माझ्या मते सगळ्यात भक्कम कारण हेच आहे. उपक्रम जो थांबू शकतो त्याचा असतो. तास प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाचा असतो.

दोन वाटा

जगात नाटकाचं उच्चशिक्षण दोन वाटांनी गेलं. एक वाट कसबाची: कलावंत घडवायचा, तीन वर्षं दुसरं काही नाही. दुसरी वाट ज्ञानशाखेची: इतिहास, साहित्य, समाजशास्त्र यांच्या रांगेत नाटक बसवायचं. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेने १९१४ मध्ये नाटकाची पदवी सुरू केली. हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर नाट्यलेखन शिकवत होते, यूजीन ओनील त्यांच्याकडे शिकले. पण हार्वर्डला हा विषय पदवीच्या लायकीचा वाटला नाही आणि बेकर १९२५ मध्ये येलला निघून गेले. इंग्लंडमध्ये विद्यापीठातला पहिला नाट्यविभाग ब्रिस्टलला १९४७ साली उघडला. आज अमेरिकेत ढोबळ हिशेब असा: व्यावसायिक पदवीत दोन तृतीयांश अभ्यास नाटकाचा असतो, आणि लिबरल आर्ट्सच्या पदवीत एक तृतीयांशाच्या आसपास, उरलेला वेळ अर्थशास्त्र, भाषा, विज्ञान, ज्याला जे हवं ते.

आपल्याकडे १९५९ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झालं, ते पहिल्या वाटेवरचं. पण त्याची एक अट पालकांनी लक्षात घ्यावी: तिथं प्रवेशासाठी आधी पदवी लागते, आणि ती कुठल्याही शाखेची चालते. महाराष्ट्रात औरंगाबादच्या विद्यापीठाने सत्तरच्या दशकात कमलाकर सोनटक्क्यांच्या नेतृत्वाखाली नाट्यशास्त्र विभाग काढला आणि मराठवाड्यातल्या मुलांची एक पिढीच त्यातून रंगभूमीवर आली. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ चं, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ ची. गोव्यात कला अकादमीचं नाट्यविद्यालय आहे. आपल्या भागाचं म्हणाल तर कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र अधिविभाग आहे.

म्हणजे साताऱ्याच्या मुलाला नाटक शिकायचं तर पुणे नाही तर कोल्हापूर, दोन्हीकडे शंभरावर किलोमीटर. सांगलीकराला कोल्हापूर जवळ, पण तरीही दुसरं गाव. पुण्याच्या खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठांत कला, अर्थशास्त्र, मानसशास्त्र एकत्र शिकता येतं, पण तिथली वार्षिक फी लाखांत मोजावी लागते. रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला हा रस्ता नाहीच.

तिसरं एक उदाहरण आपल्या शेजारचंच आहे आणि ते आपण फारसं पाहिलेलं नाही. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांनी १९४९ मध्ये ‘नीनासम’ सुरू केलं. सुपारीच्या बागांमधल्या या गावात १९८० पासून नाट्यशाळा चालते. १९८५ पासून तिथून ‘तिरुगाट’ नावाची फिरती मंडळी राज्यभर नाटकं नेते. दरवर्षी संस्कृती शिबिर भरतं आणि त्यात शेतकरी, शिक्षक, लेखक एकत्र बसून नाटक, सिनेमा, साहित्य, राजकारण यांवर बोलतात. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उत्तम नाट्यशिक्षणाला महानगर लागतं, हा समज हेग्गोडूने खोटा ठरवला. कर्नाटकाकडून शिकायला सांगलीला अवघड वाटू नये. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहूनच तर सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी भाव्यांना मराठीत काही करायला सांगितलं, आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं.

शारदेचा तास

लिबरल आर्ट्सच्या चौकटीत नाटक शिकणं म्हणजे नेमकं काय, हे एका नाटकावरून सांगतो. देवलांचं ‘संगीत शारदा’, साल १८९९. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हरिपूर हे देवलांचं गाव, आणि त्या गावाची छाया या नाटकावर आहे असं सांगितलं जातं.

म्हातारा भुजंगनाथ, पैशाच्या लोभाने मुलगी द्यायला निघालेला कांचनभट, जुळवाजुळव करणारा भद्रेश्वर दीक्षित, लग्न मोडू पाहणारा कोदंड आणि मध्ये शारदा. मराठीच्या तासाला हे नाटक गुणदोषांच्या प्रश्नापुरतं उरतं. नाटकाच्या तासाला ते चार बाजूंनी उघडतं. इतिहासाचा विद्यार्थी १८९१ चा संमतीवयाचा कायदा आणि त्यावरून पेटलेला वाद घेऊन येतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी विचारतो, मुलीच्या बापाला पैसे देण्याची चाल कुठल्या परिस्थितीत टिकते? समाजशास्त्राची विद्यार्थिनी शेवटाकडे बोट दाखवते: लग्न मोडतं ते शारदेच्या नकारामुळे नव्हे, तर वर आणि वधू सगोत्र निघतात म्हणून. सुधारणेचं नाटक, पण सुटका मात्र शास्त्राच्याच आधाराने. देवलांनी असं का केलं? प्रेक्षकांना पचावं म्हणून, की त्यांना स्वतःला तेवढंच मान्य होतं म्हणून?

यानंतर सगळ्यात अवघड काम: प्रवेश बसवायचा. मुली आपसांत लग्नाच्या गप्पा मारतात तो प्रवेश वीस वर्षांच्या आजच्या मुलींनी कसा करायचा? त्या काळी या भूमिका पुरुषच करत. आज मुलगी उभी राहिली की वाक्याचा अर्थ बदलतो. पद म्हणायचं की बोलायचं? हातात काय असेल, नजर कुठं असेल? कायदा, अर्थकारण आणि गोत्र यांविषयी जे काही वाचलं, ते शेवटी एका पावलात आणि एका थांबण्यात उतरावं लागतं. उतरलं नाही तर सगळ्या वर्गाला ते कळतं. ही परीक्षा गाइड वाचून देता येत नाही.

खाडिलकरांचं ‘कीचकवध’ असंच वाचता येईल. १९०७ मध्ये ते रंगभूमीवर आलं, प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झनला ओळखलं, आणि १९१० मध्ये सरकारने बंदी घातली. बंदीला आधार होता १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. कायद्याच्या विद्यार्थ्याने तो कायदा वाचावा, नाटकाच्या विद्यार्थ्याने नाटक वाचावं आणि दोघांनी मिळून आजच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळापर्यंत यावं. किंवा जोतीराव फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ घ्यावं. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. १८५५ मध्ये लिहिलेलं हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं, कमिटीने ते नाकारलं, आणि ते छापून यायला १९७९ साल उजाडलं. भटाकडून फसवलं गेलेलं कुणबी जोडपं शेवटी शाळेची वाट धरतं, असं हे शिक्षणावरचंच नाटक आहे. ज्या कॉलेजात शिकणारी पहिली पिढी आजही मोठ्या संख्येने बसते, तिथं हे नाटक नाही शिकायचं तर काय शिकायचं?

फडातलं ज्ञान

आतापर्यंतची बहुतेक उदाहरणं नाट्यगृहाची झाली. या भागाची दुसरी रंगभूमी कनातीत आणि चावडीपुढं उभी राहिली. पठ्ठे बापूरावांचा वग, अण्णा भाऊंचं लोकनाट्य, कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचा तमाशा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत सातारा जिल्हा सत्यशोधक जलशांनी ढवळून निघाला. चौकट तमाशाची, मजकूर समाजसुधारणेचा. ज्या सत्यशोधकी वातावरणात हे जलसे रुजले, त्याच वातावरणात भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या शिक्षणाचा आणि साताऱ्याच्या नाटकाचा उगम एकाच विहिरीतला आहे, हे आपल्या अभ्यासक्रमाला मात्र ठाऊक नाही.

तमाशात शिकण्यासारखं काय आहे, असं विचारणारे प्राध्यापक अजून भेटतात. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग हा क्रम म्हणजे प्रेक्षकाला हळूहळू ताब्यात घेण्याची तयार रचना आहे. वगात संवाद लिहिलेले नसतात. कथेचा सांगाडा ठरलेला, बाकी सगळं तिथल्या तिथं. सोंगाड्याने वाक्य टाकलं की सरदाराला ते झेलावंच लागतं. ढोलकीवाला दोघांच्या बोलण्याची लय सांभाळतो, झिलकरी सूर धरून ठेवतो. परदेशी कार्यशाळांत ज्याला उत्स्फूर्त अभिनयाचे खेळ म्हणतात, ते इथं उघड्या माळावर, हजारो माणसांपुढं, ध्वनिक्षेपक बंद पडला तरी चालत आलेलं आहे.

हे ज्ञान ज्या घराण्यांकडे आहे ती बहुतांशी दलित आणि भटक्या समाजातली आहेत. त्यांच्याकडे पदवी नाही म्हणून ती कॉलेजात पाहुणे म्हणून येतात, एक शाल-श्रीफळ घेतात आणि जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची तरतूद केली. तिच्यात औपचारिक पदवीची अट नाही; आपल्या क्षेत्रातला दीर्घ अनुभव हीच पात्रता. ही तरतूद कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांसाठीच आहे असं धरून न चालता एखाद्या जुन्या सोंगाड्याला सत्रभर वर्गावर नेमणारं कॉलेज या भागात निघालं, तर तो नाट्यशिक्षणातला मोठा बदल ठरेल. अण्णा भाऊंवर पीएच.डी. करणारे पुष्कळ झाले, त्यांचं लोकनाट्य उभं करून दाखवणारे किती?

जागा आहे, माणूस नाही

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ची अंमलबजावणी राज्यात २०२३-२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य विषय, सहअभ्यासक्रम असे खण पडले. मायनरला, म्हणजे दुय्यम विषयाला, साधारण १८ ते २० श्रेयांक मिळतात. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. हिशेब करा: चार श्रेयांकांचं प्रात्यक्षिक १२० तासांचं होतं. रोज दोन तास धरले तर साठ दिवस. एवढ्यात दोन अंकी नाटक वाचनापासून प्रयोगापर्यंत नीट बसतं. तेही दिवसा, वेळापत्रकात, हजेरीसह. साताऱ्यात रयतच्या कला-विज्ञान, वाणिज्य अशा महाविद्यालयांतून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ उभं राहिलं आहे. वेगवेगळ्या शाखा एका छताखाली असल्यावर रसायनशास्त्राच्या मुलीला नाटकाचा मायनर देणं कागदावर तरी अवघड नाही.

प्रत्यक्षात घोडं अडतं ते शिक्षकावर. संलग्न महाविद्यालयांत जो विभाग आधीपासून आहे त्याचाच मायनर दिला जातो, कारण नवा विषय म्हणजे नवा कार्यभार आणि नवा कार्यभार म्हणजे नवी मंजुरी. मग तासिका तत्त्वावर कुणीतरी आणायचा. त्याला वर्षातले काही महिनेच काम, पगार हातात यायला आणखी काही महिने. अशा माणसाकडून विभाग उभा राहत नाही. दुसरी अडचण मूल्यमापनाची. नाटकात गुण कशाला द्यायचे, प्रयोगाला की प्रक्रियेला? बुजऱ्या मुलाने पहिल्यांदा पुरता आवाज लावला, त्याला किती आणि उपजत अभिनेत्याला किती? याचे मार्ग आहेत: तालमीची रोजनिशी, तोंडी परीक्षा, नेपथ्याचा आराखडा, प्रयोगाचा जमाखर्च. पण ते शिकलेला शिक्षक हवा.

तिसरी अडचण बोलून दाखवली जात नाही, ती भीतीची. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांच्या एका सादरीकरणावरून गोंधळ झाला, पोलीस कारवाई झाली. त्यानंतर एखाद्या प्राचार्यांनी “नको ते नाटक, हस्ताक्षर स्पर्धा घ्या” म्हटलं तर नवल नाही. पण मतभेद कसा ऐकायचा, विरोधी बाजू आपल्या तोंडून प्रामाणिकपणे कशी बोलायची, हे जिथं सुरक्षितपणे शिकता यावं ती जागा म्हणजे वर्ग. तीच बंद केली तर ते शिकायचं कुठं?

मग नोकरीचं काय?

या प्रश्नावर गुळमुळीत बोलण्यात हशील नाही. नाटकाची पदवी म्हणजे अभिनयातल्या कमाईची हमी नव्हे, आणि तशी हमी देणारी संस्था मुलाला फसवते आहे. शाळांत नाट्यशिक्षकाची नियमित पदं नाहीत. नेट परीक्षेत नाटक हा विषय आहे, पण विद्यापीठांत विभागच मोजके, त्यामुळे प्राध्यापकीच्या जागाही मोजक्या.

तरी चित्र सगळंच काळं नाही. वाई-सातारा परिसरात चित्रपटांची चित्रीकरणं वर्षानुवर्षं होतात. २०१७ मध्ये ‘लागिरं झालं जी’ ही मालिका आली तेव्हापासून साताऱ्याची बोली आणि साताऱ्याची मुलं मालिकांत नेमाने दिसू लागली. तिथं अभिनेत्यांइतकीच गरज लागते ती कपडेपट, कला, ध्वनी, प्रकाश, निर्मिती सांभाळणाऱ्यांची. आज ही कामं बघून-बघून शिकलेली माणसं करतात. सांगली आकाशवाणी आहे, बालनाट्याच्या शिबिरांना दर उन्हाळ्यात गर्दी असते, आरोग्य आणि पाणी या विषयांवरची पथनाट्यं सरकारी योजनांतून होतात. यांतलं एकेक काम पोट भरेल एवढं नसेल. पण नाटकाबरोबर दुसरा विषय पक्का असेल तर ही कामं त्याला जोडून उभी राहतात.

इथंच लिबरल आर्ट्सची चौकट कामाला येते. निव्वळ अभिनयाची पदवी घेतलेल्या मुलाला संधी न मिळाल्यास परतीची वाट नसते. इतिहास मेजर आणि नाटक मायनर केलेला मुलगा शिक्षक होऊ शकतो, संग्रहालयात जाऊ शकतो, वकिलीकडे वळू शकतो, आणि दिल्लीच्या नाट्य विद्यालयालाही अर्ज करू शकतो, कारण तिथं त्याची पदवी चालते. भाव्यांचंच पाहा. १८५१ मध्ये अप्पासाहेब गेले आणि संस्थानचा आधार तुटला. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. कवी, सूत्रधार, बाहुल्यांचा कारागीर आणि मंडळीचा व्यवस्थापक हे सगळं एकाच माणसात होतं. एकच अंग शिकलेला माणूस तेव्हाही टिकला नसता.

मला वाटतं ते

सातारा-सांगलीत घाईने नाटकाची स्वतंत्र पदवी काढू नये. शिक्षकांशिवाय काढलेली पदवी दोन वर्षांत बंद पडेल आणि नाटकात काही राम नाही असं म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळेल. आधी मायनर सुरू करावा. दोन जिल्ह्यांतल्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एक पूर्णवेळ शिक्षक नेमावा आणि एक अनुभवी लोककलावंत. कोल्हापूरच्या अधिविभागाने अभ्यासक्रम आणि परीक्षा सांभाळावी. प्रवेशाला ऑडिशन ठेवू नये; ज्याला शिकायचं आहे त्याला घ्यावं. पहिल्या वर्षी देवल, फुले आणि अण्णा भाऊ, दुसऱ्या वर्षी जग, तिसऱ्या वर्षी स्वतःच्या गावावरचं स्वतःचं नाटक. प्रत्येक प्रयोगाची संहिता, आराखडे आणि ध्वनिचित्रफीत ग्रंथालयात जमा व्हावी. पाच वर्षं हे चाललं आणि पुरेशी मुलं आली, तर मेजरची मागणी करायला तोंड राहील.

पालकांना एवढंच सांगणं: मुलगी नाटक घेते म्हणाली तर दोनच गोष्टी विचारा. सोबत दुसरा विषय कोणता, आणि शिकवणारा पूर्णवेळ आहे का? दोन्ही उत्तरं पटली तर अडवू नका. आणि संस्थाचालकांना विनंती अशी की, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनी विष्णुदासांच्या प्रतिमेला हार घालताना पुढच्या जूनच्या वेळापत्रकाचा कागदही समोर ठेवा. त्यात नाटकासाठी आठवड्याला चार तास काढणं अशक्य नाही. ते काढायचं ठरवावं लागेल.